तुमचे प्रश्न : पोटातलं स्वादुपिंड घडतं कसं?

मागच्या अंकात लहान मुलांच्या डायबेटिसवर लिहिलं होतं, त्यानंतर आलेल्या पत्रांमध्ये इन्सुलिनपेक्षा स्वादुपिंडाबद्दलच जास्त विचारलंय, म्हणजे हा अवयव मुळात बनतो कसा, बनताना काय चुकतं, आणि एकदा बिघडला की परत बनवता येतो का. त्यातली पाच पत्रं घेतली आहेत. पहिल्या दोन उत्तरांना जागा जास्त लागली, कारण विषयच तसा आहे.

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे, नीटची तयारी चालू आहे. शरीरातल्या सगळ्या पेशींमध्ये डीएनए सारखाच असतो असं शिकवलं. मग काही पेशींना कसं कळतं की आपण स्वादुपिंड व्हायचं, आणि शेजारच्यांना की आपण जठर व्हायचं? सरांना विचारलं तर म्हणाले सिलॅबसमध्ये नाही. – एक विद्यार्थिनी, जळगाव

उत्तर : अगं, हाच प्रश्न मला कॉलेजात असताना पडला होता आणि तेव्हापासून त्याने माझी पाठ सोडलेली नाही, त्यामुळे तुझं पत्र वाचून खरंच आनंद झाला. आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाक, की डीएनएमध्ये कुठेतरी स्वादुपिंडाचं चित्र काढून ठेवलंय आणि पेशी ते बघून अवयव बांधतात. असं चित्र कुठेच नाहीये. पेशीला फक्त दोन गोष्टी कळतात, आत्ता माझ्यात कुठली जनुकं चालू आहेत आणि शेजारून काय निरोप येतोय, आणि त्यावरून ती फक्त पुढची एक पायरी ठरवते. अशा पायऱ्या एकामागून एक पडत गेल्या की शेवटी अवयव तयार झालेला असतो.

आता सुरुवातीपासून बघ. गर्भ साधारण चार आठवड्यांचा असतो तेव्हा त्याचं आतडं म्हणजे एक साधी नळी असते. नळीच्या आतल्या अस्तराच्या पेशी दिसायला सगळ्या सारख्याच, आणि त्या नळीत जवळजवळ सगळीकडे सॉनिक हेजहॉग नावाचं जनुक चालू असतं. हे चालू आहे तोवर तिथे स्वादुपिंड होऊ शकत नाही. पण नळीच्या पाठीकडच्या बाजूला पृष्ठरज्जू, म्हणजे नोटोकॉर्ड नावाचा दोरीसारखा दांडा, असतो (शाळेत समपृष्ठरज्जू प्राणी शिकलीस ना, तोच) आणि तो काही काळ नळीला अगदी चिकटून असतो. त्याच्याकडून जे रेणू येतात त्यांच्यामुळे तेवढ्याच पट्ट्यात सॉनिक हेजहॉग बंद पडतं, आणि मग तिथे पीडीएक्स-1 नावाचं जनुक मोकळेपणाने काम करू लागतं. हार्वर्डमध्ये डग्लस मेल्टन यांच्या लॅबने नव्वदच्या दशकात कोंबडीच्या भ्रूणांवर हे करून बघितलं, पृष्ठरज्जू काढून टाकला तर सॉनिक हेजहॉग त्या पट्ट्यातही चालू झालं आणि स्वादुपिंडाची जनुकं चालूच झाली नाहीत. मग 1998 मध्ये त्यांनी उलटा प्रयोग केला, सायक्लोपामीन नावाचं रसायन देऊन सॉनिक हेजहॉगचा निरोप अडवला, तर जठर आणि आतड्याच्या भलत्याच जागी स्वादुपिंडाची ऊती उगवली! हे रसायन एका रानटी झाडात असतं. अमेरिकेत आयडाहोमध्ये गाभण मेंढ्यांनी ते झाड खाल्लं की एका डोळ्याची कोकरं जन्मायची आणि त्याचा शोध घेता घेताच ते रसायन सापडलं. मेंढपाळांच्या त्या दुःखातून पुढे स्वादुपिंडाचं एक कोडं सुटलं, हे मला आजही फार विलक्षण वाटतं.

थोड्या वेळाने पृष्ठरज्जू आणि आतड्याची नळी यांच्यामध्ये महाधमनी येते, आणि मग रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या पेशीसुद्धा निरोप देऊ लागतात. म्हणजे स्वादुपिंड कुठे उगवणार हे शेजारी कोण आहे यावर ठरतं.

पीडीएक्स-1 किती महत्त्वाचं आहे ते 1994 मध्ये कळलं. स्वीडनमधल्या उमिओ विद्यापीठात हेलेना एडलुंड यांच्या गटाने हे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले, पिल्लं जन्माला आली, बाकीचे अवयव जागच्या जागी, पण स्वादुपिंडच नाही, आणि ती काही दिवसांत गेली. पीडीएक्स-1 च्या जोडीला पीटीएफ1ए हे जनुक लागतं. 2002 मधल्या एका प्रयोगात पीटीएफ1ए नसलेल्या उंदरांमध्ये त्या पेशींचं पुढे काय झालं याचा माग काढला. त्या मेल्या नव्हत्या, चक्क आतड्याच्या अस्तराच्या पेशी होऊन बसल्या होत्या! तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे बघ, पेशीपुढे दोन वाटा होत्या, एक वाट उघडणारं जनुक नव्हतं म्हणून ती दुसऱ्या वाटेने गेली.

यानंतर या आदिपेशी, म्हणजे प्रोजेनिटर सेल्स, आधी संख्या वाढवतात. आजूबाजूच्या ऊतीतून एफजीएफ-10 हा निरोप येत राहतो, पेशींमध्ये सॉक्स-9 हे जनुक चालू असतं, आणि तोवर त्या विभागत राहतात. या पेशींचा नळीवर आलेला फुगवटा म्हणजे स्वादुपिंडाची कळी, तिला फांद्या फुटतात. फांद्यांच्या टोकाच्या पेशी पुढे पाचकरस बनवणाऱ्या होतात, आणि देठाच्या भागातल्या पेशींतून नलिका आणि इन्सुलिन वगैरे हॉर्मोन बनवणाऱ्या पेशी निघतात.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. देठातल्या पेशी सगळ्या सारख्याच, मग त्यातल्या थोड्याच हॉर्मोनच्या पेशी का होतात? लग्नाच्या पंगतीत बसलेली चुलत-मावस भावंडं डोळ्यासमोर आण. वाढायला माणूस कमी पडतोय असं दिसलं की एक जण उठतो आणि डाव्या-उजव्या बाजूच्यांना सांगतो तुम्ही बसा, मी बघतो. ते बसून राहतात आणि पुढच्या पंगतीला उठायला शिल्लक राहतात. पेशीत हे काम न्यूरोजेनिन-3 हे जनुक करतं. ज्या पेशीत ते जोरात चालू होतं ती आपल्या अंगावर डेल्टा नावाचं प्रथिन आणते, ते शेजारणीच्या नॉच नावाच्या प्रथिनाला चिकटतं, आणि शेजारणीत न्यूरोजेनिन-3 दाबलं जातं, म्हणजे ती आदिपेशीच राहते. 1999 आणि 2000 च्या सुमारास उंदरांमध्ये नॉचची ही साखळी तोडून बघितली, तर सगळ्या पेशी एकदम उठल्या, घाईघाईने हॉर्मोनच्या पेशी झाल्या, संख्या वाढवायला आदिपेशी उरल्याच नाहीत आणि स्वादुपिंड अगदी एवढंसं राहिलं. उलट न्यूरोजेनिन-3 च काढून टाकलं तर बाकी स्वादुपिंड बनतं पण त्यात हॉर्मोन बनवणारी एकही पेशी नसते.

शेवटची पायरी म्हणजे अल्फा पेशी की बीटा पेशी, म्हणजे ग्लुकागॉन हे हॉर्मोन बनवणारी की इन्सुलिन बनवणारी. तिथे एआरएक्स आणि पॅक्स-4 ही दोन जनुकं एकमेकांना दाबतात, एआरएक्स जिंकलं की अल्फा, पॅक्स-4 जिंकलं की बीटाच्या बाजूला. पुढे एनकेएक्स6.1, माफ-ए वगैरे जनुकं बीटा पेशीला पक्की करतात, ते वाचायचं असेल तर वाच, पण परीक्षेच्या टेन्शनमध्ये आत्ता नको.

प्रश्न : माझा नातू आता पाच महिन्यांचा आहे. जन्मला तेव्हा पावणेदोन किलोचा होता, हृदयात छिद्र आहे, आणि तिसऱ्या दिवशीच शुगर फार वाढलेली निघाली. सोनोग्राफीत स्वादुपिंड जवळजवळ दिसतच नाही म्हणाले. जनुकांच्या रिपोर्टमध्ये गाटा-6 लिहिलंय. घरात नातेवाईक सुनेला बोलतात की तू ग्रहण पाळलं नाहीस, गोड खाल्लंस. ती रडत बसते. मला खरं काय ते समजून घ्यायचंय. – एक आजी, सातारा

उत्तर : आजी, तुम्ही सुनेच्या बाजूने उभं राहून हे पत्र लिहिलंत, त्याबद्दल आधी तुम्हाला नमस्कार करते. आता स्पष्टच सांगते, तुमच्या सुनेने काहीही चुकीचं केलेलं नाही. ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही, गोड खाण्याचा नाही, तिने काय चिरलं काय शिवलं त्याचाही नाही.

गाटा-6 हे जनुक वर सांगितलेल्या पीडीएक्स-1 च्याही आधी कामाला लागतं, आतड्याच्या नळीचं अस्तर घडवण्यात आणि हृदय घडवण्यातही त्याचा हात असतो, म्हणूनच तुमच्या नातवाला दोन्हीकडे त्रास आहे, हे दोन वेगवेगळे आजार नाहीत. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून एक वडिलांकडून. 2012 मध्ये इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या देशांतल्या, स्वादुपिंड न बनलेल्या 27 जणांची तपासणी केली, तर त्यातल्या 15 जणांमध्ये गाटा-6 ची एक प्रत बिघडलेली निघाली. आणि बहुतेकांच्या आईवडिलांमध्ये तो बिघाड नव्हताच, मुलामध्ये नव्याने झालेला होता. गंमत म्हणजे उंदरात गाटा-6 ची एक प्रत काढली तर उंदराला काही होत नाही, त्यामुळे हे कारण उंदरांवरच्या प्रयोगातून कधीच सापडलं नसतं, तुमच्या नातवासारख्या मुलांमुळेच ते जगाला कळलं.

नव्याने झालेला बिघाड म्हणजे काय, तर बीज किंवा शुक्राणू तयार होताना डीएनएची नक्कल करताना एखादं अक्षर चुकतं. अशा चुका प्रत्येक माणसात काही ना काही असतात, तुमच्यात आहेत माझ्यात आहेत, फक्त त्या बहुतेक वेळा बिनमहत्त्वाच्या जागी पडतात. एकूणात बघितलं तर अशा नव्या चुका आईपेक्षा वडिलांच्या बाजूने जास्त येतात, पण हे मी तुमच्या मुलाला दोष द्यायला सांगत नाहीये, एवढंच सांगतेय की जे सुनेकडे बोट दाखवतात त्यांना याची काही कल्पना नाही. आणि वेळ बघा. स्वादुपिंडाची पहिली कळी गर्भ चार आठवड्यांचा व्हायच्या सुमारास फुटते. कित्येक बायकांना तेव्हा दिवस गेलेत हे नुकतंच कळलेलं असतं! सातव्या महिन्यात खाल्लेल्या लाडवाने ती कळी मागे जाऊन बदलत नाही.

वजन कमी का होतं तेही सांगते, कारण ते ऐकून सुनेच्या मनावरचं ओझं हलकं होईल. पोटातल्या बाळाची वाढ बाळाच्या स्वतःच्या इन्सुलिनवर बरीच अवलंबून असते. त्याचं इन्सुलिन तयारच होत नव्हतं म्हणून ते लहान राहिलं, तिने पोटभर खाल्लं नाही म्हणून नाही.

आता करायच्या गोष्टी. इन्सुलिन चालू असेलच. पण स्वादुपिंडाचं दुसरं काम पाचकरसाचं, तेही होत नसणार, त्यामुळे दूध पचत नाही, शी तेलकट आणि फार वास येणारी होते, वजन वाढत नाही. त्यासाठी पाचक एन्झाइम देता येतात आणि ए, डी, ई, के या जीवनसत्त्वांकडे लक्ष द्यावं लागतं. हे चालू आहे का ते डॉक्टरांना नक्की विचारा, इन्सुलिनच्या गडबडीत हे मागे पडू शकतं. मुलाची आणि सुनेची गाटा-6 ची तपासणी झाली नसेल तर करून घ्या, कारण कधी कधी एका पालकात तोच बिघाड सौम्य रूपात असतो. दोघांचा रिपोर्ट स्वच्छ आला तर पुढच्या बाळाला हा त्रास होण्याची शक्यता फार कमी असते, अगदी शून्य म्हणता येत नाही पण फार कमी.

इथे बाकीच्या वाचकांसाठी दोन गोष्टी घालते. एक, स्वादुपिंड न बनण्याची सगळी कारणं अशी नव्याने येणारी नसतात. पीटीएफ1ए मध्ये दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात, म्हणजे आईवडील दोघेही धडधाकट पण दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत, आणि अशा घरात प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता राहते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची पद्धत आपल्याकडे अजून बऱ्याच घरांत आहे, आणि जवळच्या नात्यात एकच बिघडलेली प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते, हे प्रेमाने पण स्पष्ट सांगायला हवं. पीटीएफ1ए ची आणखी एक गोष्ट आहे. हे जनुक लहान मेंदूसाठीही लागतं, त्यामुळे ते पूर्ण बिघडलं तर स्वादुपिंडही नाही आणि लहान मेंदूही नाही. पण काही मुलांमध्ये मेंदू ठीक आणि फक्त स्वादुपिंड नाही असं दिसत होतं, आणि जनुक तपासलं तर ते एकदम व्यवस्थित! 2014 मध्ये उलगडलं की जनुकापासून सुमारे 25 हजार अक्षरं लांब एक बटण आहे, जेमतेम 400 अक्षरांचं, आणि ते फक्त स्वादुपिंडाच्या आदिपेशींमध्येच चालतं. जनुक शाबूत, बटण बिघडलेलं. जळगावच्या विद्यार्थिनीने हा परिच्छेद परत वाचावा.

दोन, सहा महिन्यांच्या आत बाळाला डायबेटिस निघाला तर टाईप 1 समजून गप्प बसू नका, जनुकांची तपासणी करून घ्या. बऱ्याच बाळांमध्ये स्वादुपिंड नीट बनलेलं असतं, बीटा पेशीही असतात, फक्त इन्सुलिन बाहेर सोडणारी झडप अडकलेली असते (केसीएनजे11 हे त्यातलं एक जनुक) आणि अशा मुलांना इन्सुलिनच्या इंजेक्शनऐवजी सल्फोनिलयुरियाची साधी गोळी चालते. 2006 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात 49 पैकी 44 जणांचं इन्सुलिन त्या गोळीने सुटलं. आपल्याकडे चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनमध्ये या तपासणीचं काम चालतं. तुमच्या नातवाला ही गोळी लागू नाही आजी, त्याचं कारण वेगळं आहे, पण हे वाचून दुसऱ्या एखाद्या बाळाच्या सुया थांबतील म्हणून लिहिलं.

प्रश्न : पोटदुखीसाठी एमआरआय केला, त्यात पॅन्क्रियाज डिव्हिजम असं आलंय. म्हणजे स्वादुपिंड तुटलंय का? ऑपरेशन करावं लागेल का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : तुटलेलं नाही, घाबरू नका. स्वादुपिंड मुळात दोन कळ्यांपासून बनतं, एक पाठीकडची मोठी आणि एक पोटाकडची लहान. लहान कळी आतड्याबरोबर फिरत मागच्या बाजूला जाते आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात दोन्ही जुळतात, त्यांच्या नळ्याही एकमेकींना मिळतात. काही लोकांत कळ्या जुळतात पण नळ्या जुळत नाहीत, त्याला डिव्हिजम म्हणतात. शंभरात पाच ते दहा जणांमध्ये हे असतं आणि बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. तुमच्या पोटदुखीचं कारण हेच आहे का दुसरं काही, ते पोटाच्या डॉक्टरांना ठरवू दे, स्वादुपिंडाला वारंवार सूज येत असेल तरच यावर काही करायचा विचार होतो.

प्रश्न : वय 52, आठ वर्षांपासून टाईप 2. मोबाईलवर सारख्या जाहिराती येतात की अमुक पावडर घ्या, मृत बीटा पेशी पुन्हा तयार होतात. लिव्हर परत वाढतं मग स्वादुपिंड का नाही वाढणार? – एक वाचक, लातूर

उत्तर : काका, प्रश्न अगदी नेमका विचारलात, लिव्हरशी तुलना तर शास्त्रज्ञांनीही केली होती. 2007 मध्ये मेल्टन यांच्याच गटाने उंदराच्या भ्रूणात स्वादुपिंडाच्या काही आदिपेशी सुरुवातीलाच मारल्या, आणि दुसऱ्या प्रयोगात लिव्हरच्या तशाच पेशी मारल्या. लिव्हरने पुढे भरपाई करून घेतली आणि ते नेहमीच्या आकाराचं झालं. स्वादुपिंडाने भरपाई केलीच नाही, जितक्या आदिपेशी उरल्या तितकंच ते लहान राहिलं आणि मोठेपणीही लहानच. म्हणजे या अवयवाची शिदोरी गर्भातच बांधली जाते, आणि ज्या आदिपेशींपासून तो बनला तशा पेशी मोठ्या माणसात कोपऱ्यात राखून ठेवलेल्या नसतात. 2004 मध्ये हेही दिसलं की मोठ्या उंदरात नवीन बीटा पेशी येतात त्या मुख्यतः जुन्या बीटा पेशी विभागूनच. माणसात ही विभागणी बालपणाच्या पहिल्या काही वर्षांत होते, नंतर फार मंदावते. त्यामुळे पावडर खाऊन आदिपेशी उगवत नाहीत, ते पैसे कृपा करून वाचवा, आणि चालू गोळ्या बंद करून तर असलं काही अजिबात घेऊ नका.

पण तुमच्यासाठी एक चांगली गोष्ट आहे आणि ती मला मनापासून सांगायचीय. टाईप 2 मध्ये ज्या बीटा पेशी गेल्या असं आपण धरतो त्या सगळ्या मेलेल्या असतातच असं नाही. कोलंबिया विद्यापीठात डोमेनिको अचिली यांच्या गटाने 2012 मध्ये उंदरात दाखवलं की सतत कामाचा ताण आला की बीटा पेशी आपलं बीटापण विसरतात, इन्सुलिन बनवणं सोडतात आणि त्यांच्यात न्यूरोजेनिन-3 सारखी आदिपेशींची जनुकं परत चालू होतात, म्हणजे जणू जिन्याच्या दोन पायऱ्या खाली येऊन उभ्या राहतात. मेलेली पेशी परत आणता येत नाही, पण विसरलेल्या पेशीवरचा ताण कमी केला तर ती परत वर चढू शकते. ब्रिटनमध्ये टाईप 2 च्या लोकांचं डॉक्टरांच्या देखरेखीखाली वजन बरंच उतरवून बघितलं, तर वर्षभराने त्यातल्या 46 टक्के लोकांची शुगर औषधांशिवाय डायबेटिसच्या मर्यादेच्या खाली होती. ते सगळे डायबेटिस होऊन सहा वर्षांच्या आतले होते, तुम्हाला आठ झालीत, त्यामुळे तेवढंच होईल असं वचन मी देणार नाही, पण पोटावरची चरबी असेल तर ती उतरवण्यासारखा दुसरा उपाय बीटा पेशींसाठी नाही.

आणि नवीन पेशी हव्याच असतील तर त्या बाहेर बनवाव्या लागतात. मेल्टन हे आधी बेडकांच्या भ्रूणावर काम करायचे, स्वतःच्या तान्ह्या मुलाला टाईप 1 निघाला तेव्हा त्यांनी विषयच बदलला आणि स्वादुपिंडाच्या मागे लागले. 2014 मध्ये त्यांच्या लॅबने मूळपेशींपासून (स्टेम सेल्स) बीटा पेशी बनवल्या, महिनाभर चालणारी ती कृती बघितली तर गर्भात जे निरोप येतात तेच, त्याच क्रमाने दिलेले आहेत, आधी आतड्याचं अस्तर करणारा, मग सॉनिक हेजहॉग अडवणारा, मग नॉच अडवणारा. क्रम चुकला की पेशी भलतंच काहीतरी होतात. त्याच कामातून पुढे आलेल्या पेशी टाईप 1 च्या लोकांच्या लिव्हरमध्ये सोडल्या गेल्या, आणि 2025 मध्ये निकाल आला की पूर्ण डोस मिळालेल्या 12 पैकी 10 जणांना वर्षभरानंतर इन्सुलिनची गरज नव्हती. मात्र शरीराने त्या पेशी मारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायम घ्यावी लागतात, त्यामुळे हे आत्ता ज्यांची शुगर जीवघेणी खाली जाते अशा टाईप 1 च्या लोकांसाठी आहे. टाईप 2 साठी नाही.

प्रश्न : मला सातवा आठवडा चालू आहे. सासरी-माहेरी दोन्हीकडे शुगर आहे. बाळाचं स्वादुपिंड नीट बनावं म्हणून मी आत्ता काय खायला हवं? – एक वाचक, पुणे

उत्तर : अभिनंदन! सातवा आठवडा म्हणजे डॉक्टर पाळीपासून मोजतात तसा, तर बाळाच्या स्वादुपिंडाच्या दोन्ही कळ्या बहुतेक फुटल्यासुद्धा असतील. त्या कुठे आणि कशा फुटणार हे तुझ्या ताटावरून ठरत नाही, त्यामुळे रोज ताटाकडे बघून घाबरू नकोस. बाळाच्या पहिल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी अजून दोन-चार आठवड्यांनी दिसू लागतील.

पण कळी फुटल्यावर पुढे त्या पेशी किती जोमाने काम करतील यावर आईच्या पोषणाचा परिणाम होतो. उंदरांमध्ये असं दिसलंय की गर्भात पोषण कमी पडलं तर पीडीएक्स-1 हे जनुक शाबूत असूनही त्यावर रासायनिक खुणा पडून ते हळूहळू दबत जातं आणि पिल्लू मोठं झाल्यावर त्याला डायबेटिस होतो. तू पुण्याची आहेस तर हेही माहीत असू दे की आईच्या पोषणाचा मुलाच्या शुगरशी काय संबंध, यावर जगात जे महत्त्वाचं काम झालं त्यातलं बरंच तुझ्याच गावात, केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केलंय. 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि मुलांचा त्यांनी मागोवा ठेवला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली 3.5 किलोची, पण आपल्या बाळांमध्ये कमी पडलेले असतात ते स्नायू, चरबी मात्र टिकून असते. त्याच अभ्यासात आईचं बी-12 कमी आणि फोलेट (फॉलिक ॲसिडच्या गोळीतून मिळतं ते जीवनसत्त्व) जास्त असेल तर मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त दिसलं.

तेव्हा तू पूर्ण शाकाहारी असशील तर बी-12 तपासून घे, फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टरांनी दिलीय तेवढीच घे, बंद करू नकोस आणि मनाने वाढवूही नकोस. दूध, दही, डाळी, उसळी आणि खात असशील तर अंडी, मासे रोजच्या जेवणात येऊ देत. आणि घरात दोन्हीकडे शुगर आहे तर स्वतःची शुगर चोवीसाव्या आठवड्यापर्यंत थांबू नकोस, पुढच्या व्हिजिटलाच करायला सांग, कारण आईची शुगर सुरुवातीच्या आठवड्यांत खूप वाढलेली असेल तर हृदयासारखे अवयव घडताना बाधा येऊ शकते, आणि नंतरच्या महिन्यांत वाढलेली राहिली तर बाळाच्या बीटा पेशींना गर्भातच जादा काम पडतं. ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त देतात ती टेस्ट आहे. रिपोर्ट नॉर्मल आला तरी चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत ती परत करायची असते, तेव्हा चुकवू नकोस.